साळवे मॅडमची चिप

परवा एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर दोघं जण बोलत होते. एक म्हणाला, "त्या साळवे बाई नव्हत्या का, अमेरिकेतनं आलेल्या, त्यांना काढलं म्हणे कंपनीनं." दुसरा म्हणाला, "काढणारच. चिप फेल गेली ना त्यांची." मी शेजारीच उभा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चहा बाकड्यावर ठेवला आणि दहा मिनिटं दोघांना सुनावलं. ते बिचारे बेअरिंगच्या कारखान्यातले, त्यांचा या सगळ्याशी काय संबंध. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं लागतंय मनाला तर लिहून काढा. लोकांशी भांडत काय फिरता या वयात?" म्हणून बसलोय लिहायला.

मी दहिफळे. मूळचा पाथर्डी तालुक्यातला, नगरला येऊन अठ्ठावीस वर्षं झाली. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, मालाच्या चलनावर मी तसंच लिहितो, पण तोंडाला नगरच बसलंय. आमची कंपनी शेतातल्या पंपांचे स्टार्टर बनवते. विहिरीजवळ खांबाला पत्र्याचा डबा असतो, त्यातलं हिरवं बटण दाबलं की मोटर सुरू होते, तो स्टार्टर. आमचा मोबाईलवरूनही चालतो, हे आमचं वैशिष्ट्य. मी तिथं स्टोअर सांभाळतो. रूथ साळवे मॅडम सात वर्षं आमच्या एमडी होत्या. त्यांना कुणीही काढलं नाही. त्यांनी खुर्ची आपणहून सोडली, आणि ती का सोडली हे मला नीट ठाऊक आहे, कारण त्या भानगडीत थोडा हात माझाही होता.

मॅडम नगरच्याच. वडील मिशनच्या शाळेत गणिताचे मास्तर, अख्खं नगर त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालेलं. आमचे चेअरमनसुद्धा. मॅडम पुण्याला इंजिनिअर झाल्या, मग बेंगळुरू, मग अमेरिका. वीस वर्षं मायक्रोप्रोसेसरवर काम केलं. म्हणजे नेमकं काय, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "शंभर माणसं मिळून प्रोसेसर बनवतात, दहिफळे. दुसरी शंभर माणसं तो कुठं चुकतो ते शोधत बसतात. मी त्या दुसऱ्या शंभरातली." पुढे त्या त्या शंभरांच्या साहेब झाल्या, मग साहेबांच्या साहेब, आणि शेवटी व्हाइस प्रेसिडेंट. आई गेल्यावर वडील एकटे पडले. चेअरमननी मास्तरांच्या पाया पडता पडता शब्द टाकला आणि बाई नगरला आल्या.

त्या आल्या तो दिवस मी विसरणार नाही. नव्या एमडी येणार म्हणून आम्ही सगळे गेटवर गुच्छ घेऊन उभे. दहा वाजले, अकरा वाजले, गाडी काही येईना. मी कंटाळून स्टोअरला परतलो. आत बघतो तर एक ठेंगणीशी बाई उलट्या क्रेटवर बसलेली. कॉटनची साडी, खाली पांढरे स्पोर्ट शूज, केस कापलेले आणि पिकलेले, चष्मा दोरीनं गळ्यात. पुढ्यात गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या स्टार्टरांचा ढीग. मला वाटलं, भंगारवाल्याची कुणी असेल.

"ओ ताई, इथं बाहेरच्या माणसाला परवानगी नाही."

"हे सगळे मेलेले का?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मेलेलेच. भंगारात जायचेत."

"कशानं मेले?"

"ते मला काय ठाऊक?"

"मग कुणाला ठाऊक आहे?"

मी विचार करू लागलो. खरं तर कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टार्टर बिघडून आला की आम्ही नवा द्यायचो आणि जुना ढिगावर टाकायचो, अशी आमची रीत. बाई रिक्षानं सकाळी आठ वाजता मागच्या गेटनं आल्या होत्या, आणि आम्ही पुढच्या गेटवर फुलं सुकवत बसलो होतो. त्यांनी एक डबा उघडला. आत सर्किटला चिकटून वाळलेली पाल. चिमट्यानं ती पाल उचलली, एका ट्रेमध्ये ठेवली आणि चिठ्ठी लिहिली: 'मृत्यूचं कारण: पाल.' मग दुसरा डबा उघडला. त्यात मुंग्यांचं वारूळ. दुपारपर्यंत ट्रे भरला, आणि गुच्छ मी शेवटी त्या ट्रेशेजारीच ठेवून दिला. पुढच्या महिन्यात आमच्या डब्याच्या सगळ्या भोकांना बारीक जाळी आली आणि परत येणारा माल निम्म्यावर आला. तो ट्रे मात्र त्यांच्या टेबलावर कायमचा राहिला. बँकेचे साहेब यायचे, खुर्चीवर बसायचे आणि समोर पाल बघून दचकायचे. बाईंना त्यात मजा वाटायची असा माझा संशय आहे.

त्यांचं बोलणं साधं, जुन्या नगरचं. विचार करताना चर्चमधल्या गाण्याची चाल नाकातल्या नाकात गुणगुणायच्या. गुणगुणणं थांबलं की समजायचं, कुणाचं तरी काही तरी सापडलं. कुणी नवीन मशीन दाखवून म्हणालं, "मॅडम, चालतंय बघा," की ठरलेलं उत्तर यायचं: "चालतंय ते दिसलं. बंद कसं पडतं ते दाखव." एक इंजिनिअर वैतागून म्हणाला होता, "मॅडम, बंदच पडत नाही." त्या म्हणाल्या, "मग अजून बघितलंच नाहीस तू." तो आठवडाभर बघत बसला आणि आठव्या दिवशी बंद पाडून दाखवलं. इतका खूश होता की पेढे वाटायचेच बाकी ठेवले.

त्यांच्या बुधवारच्या मीटिंगची गोष्ट तर सांगायलाच हवी. दर बुधवारी साडेदहाला कँटीनमध्ये सगळे जमायचे, वॉचमनपासून डिझाइनच्या लोकांपर्यंत. आठवड्यात ज्याच्या हातून चूक झाली असेल त्यानं उभं राहून ती सांगायची. जो सांगेल त्याला पहिला चहा, तोही मॅडमच्या हातचा. बाकीच्यांना नंतर, कँटीनवाल्याच्या हातचा. पहिले दोन महिने कुणी उभंच राहिलं नाही. चूक सांगायची आणि वर चहा प्यायचा, हे आमच्या लोकांना काही झेपेना. मॅडम शांत बसायच्या, घड्याळ बघायच्या, आणि अकराला उठून जायच्या.

पहिल्यांदा उभा राहिलो तो मीच. मी चुकीच्या कपॅसिटरचं, म्हणजे सर्किटवर बसणाऱ्या बारक्या भागांचं, एक अख्खं रीळ लाइनवर दिलं होतं. वरचं लेबल बघितलं, आतला माल बघितला नाही. दोन आठवडे छातीवर दगड ठेवल्यासारखा फिरत होतो. शेवटी बुधवारी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. मॅडम उठल्या, किटली उचलली, माझ्या कपात चहा ओतला आणि म्हणाल्या, "बसा. लेबल खोटं निघू शकतं हे आज आम्हा सगळ्यांना कळलं." चहा भयानक होता. साखर नाही, आल्याचा नुसता जाळ. पण मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो. नंतर नंतर तर लोक त्या वाईट चहासाठी भांडायला लागले.

हा प्रकार त्यांनी कुठून काढला, हे एकदा गाडीत विचारलं. संगमनेरला डीलरकडे चाललो होतो. त्या म्हणाल्या, "अमेरिकेत मी इंजिनिअर होते तेव्हा एका प्रोसेसरमध्ये मला चूक सापडली. बाजारात जायला पंधरा दिवस राहिले होते. कुणाला ती ऐकायचीच नव्हती. मी रोज जाऊन साहेबाच्या दारात उभी राहायचे. शेवटी त्यानं ऐकलं, सगळं थांबवलं, आणि सहा महिने माझ्याशी बोलला नाही. पुढे त्याच माणसानं मला वर चढवलं. आणि गंमत बघा, मी वर गेले तशी माझ्या दारात कुणी उभं राहीना. चुका माझ्यापर्यंत पोचायच्याच नाहीत. वाटेत प्रत्येक जण थोडी थोडी गाळून घ्यायचा, मॅडमना त्रास नको म्हणून. माझ्यापर्यंत यायचं ते नुसतं स्वच्छ पाणी." मग म्हणाल्या, "मला त्याची फार भीती वाटते, दहिफळे." बाईंच्या तोंडून भीती हा शब्द मी त्या एकदाच ऐकला.

आता चिपची गोष्ट. मध्ये दीड-दोन वर्षं बाहेरून येणाऱ्या चिपची अशी टंचाई झाली की आमची लाइन बंद पडायची पाळी आली. मी फोन करून करून थकलो. मॅडम म्हणाल्या, आपण आपली चिप करू. चेअरमननी कपाळाला हात लावला. नगरमध्ये बसून चिप? पण बाई बोलून मोकळ्या होणाऱ्यांतल्या नव्हत्या. चार इंजिनिअर घेतले, आणि बारा-पंधरा वर्षं ज्यांनी नुसत्या सह्या केल्या होत्या त्या पुन्हा स्वतः डिझाइन करायला बसल्या. दुपारपर्यंत एमडी, दुपारनंतर इंजिनिअर. त्या दिवसांत त्यांचं गुणगुणणं पार माझ्या स्टोअरपर्यंत ऐकू यायचं. इतकं खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

चिप तैवानमध्ये बनून आली. नखाएवढी. मॅडमनी पहिली चिप वडिलांना दाखवायला नेली, मला सोबत घेऊन. मास्तर नव्वदीच्या पुढचे, खाटेवर बसलेले. भिंग लावून बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "अक्षर बारीक आहे." मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्या चिपमध्ये एक नियम होता. लाईट दहा मिनिटांत पाच वेळा गेली-आली, तर स्टार्टरनं स्वतःला कुलूप लावून घ्यायचं. मोटर जळू नये म्हणून. मग कुणी तरी विहिरीवर जाऊन लाल बटण दाबलं, की कुलूप निघायचं. हा नियम मॅडमनी स्वतः लिहिला होता, आणि कुणाला फोनवरून छेडछाड करता येऊ नये म्हणून मुद्दाम चिपमध्येच कोरला होता. बुधवारी सगळ्यांसमोर समजावूनही सांगितला. मी तिथं होतो. मान डोलावली. चांगलं वाटलं मला.

मला काही सुचायला नको होतं का? माझा गाव पाथर्डीच्या पूर्वेला. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त गाव ऊस तोडायला जातो, तो उन्हाळ्यातच परततो. माझे आईबाप जन्मभर गेले. मी स्वतः कोयत्याच्या टोळीबरोबर पाचटात लहानाचा मोठा झालो. पण अठ्ठावीस वर्षं नगरला पगार खाल्ला आणि विसरलो.

नव्या चिपचे स्टार्टर बाजारात गेले. पंप बनवणारी एक मोठी बाहेरची कंपनी आमच्याशी करार करायला तयार झाली. त्यांच्या प्रत्येक पंपाबरोबर आमचा स्टार्टर. म्हणजे दुसरा कारखाना, दुप्पट माणसं. सहीची तारीख ठरली. चेअरमन नवा कोट शिवायला टाकून आले.

अशात डिसेंबरात मला अंकुशचा फोन आला. अंकुश माझ्या गावचा, भावकीतला. तो आणि बायको मीरा ऊसतोडीला सांगलीकडे होते. घरी नुसती म्हातारी आई, गयाबाई. त्यांची दीड एकर संत्र्याची बाग आहे, नवराबायकोनं खांद्यावर पाणी वाहून जगवलेली. या वर्षी पहिल्यांदा फळ धरायचं होतं. तिकडं उसाच्या फडातून मोबाईलवर मोटर चालू करता येईल म्हणून त्यानं आमचा स्टार्टर बसवला होता.

"दादा, तुमचं मशीन ऐकंना गेलंय. आठ दिस झालं, फोन लावतोय तर 'लॉक' म्हनतंय."

"कंपनीत फोन केलास का?"

"केल्ता. ते म्हनत्यात, पुस्तक वाचा अन् लाल बटन दाबा."

"मग शेजाऱ्याला सांग ना दाबायला," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

ठेवला तो ठेवलाच. जेवताना घास तोंडात फिरायला लागला. शेजारी कुठला? शेजारीही सांगलीलाच. आणि आमच्या भागात लाईट येताना चारसहा वेळा डोळे मारल्याशिवाय कधी येते? म्हणजे रोजच कुलूप लागणार, आणि रोज कुणी तरी जाऊन काढायचं. मॅडम म्हणाल्या होत्या तसा मी वाटेतला गाळणीवाला झालो होतो. दुसऱ्या दिवशी बुधवार नव्हता, तरी मी सरळ त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि सगळं सांगितलं. गुणगुणणं थांबलं. त्या म्हणाल्या, "गाडी काढा. आपण बघून येऊ."

गावात पोचलो तर दुपार होती. मॅडम गल्लीतून चालत होत्या, दोन्हीकडे बघत. दाराला कुलूप, पुढच्या दाराला कुलूप, त्याच्या पुढच्या दाराला कुलूप. एका ओट्यावर शेळी बसलेली. त्या थांबल्या.

"माणसं कुठं आहेत, दहिफळे?"

"उसाला गेलीत, मॅडम."

"सगळी?"

"ज्यांचे हातपाय चालतात ती सगळी."

गयाबाईंच्या घरी गेलो. म्हातारी दारात गुडघे चोळत बसलेली. विहीर टेकाडाच्या पलीकडे, चांगली मैलभर लांब. आम्ही तिला गाडीत घालून नेलं. संत्र्याच्या झाडांची पानं आतल्या बाजूला वळली होती, बारकी फळं खाली पडलेली. खांबावर आमचा डबा, नवाकोरा, कंपनीचं नाव झळकतंय आणि लाल दिवा लुकलुकतोय. मॅडमनी पुढे होऊन बटण दाबलं. मोटर घरघरली, पाणी सुरू झालं. पाच मिनिटं गेली नाहीत तोच लाईटनं उड्या मारायला सुरुवात केली. आली, गेली, आली, गेली. पाचव्यांदा कुलूप लागलं आणि लाईट एकदाची स्थिर झाली. पाणी बंद.

मॅडमनी गयाबाईंना विचारलं, "आजी, रोज हे बटण दाबायला कुणी नाही का?"

म्हातारीनं त्यांच्याकडे बघितलं. रागानं नव्हे, सरळ. म्हणाली, "बटन दाबाया मानूस असता, तर मशीन कशाला घेतलं असतं, बाई?"

मी खाली मान घातली. मॅडमनी वीस वर्षं प्रोसेसरच्या चुका शोधल्या, आमच्या पाली-मुंग्यासुद्धा शोधल्या, आणि विहिरीवर माणूस असतो का, हे कुणी तपासलंच नाही. त्यांनी तपासलं नाही आणि मी सांगितलं नाही. मॅडम विहिरीच्या कठड्यावर बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "स्टोअरमध्ये जुन्या चिपचे, बिनकुलपाचे स्टार्टर किती आहेत?" मी आकडा सांगितला. "उद्यापासून हे काढून ते बसवायचे. जिथं जिथं गेलेत तिथं."

तिसऱ्या दिवशी बोर्डाची मीटिंग झाली. मला साक्षीला बोलावलं होतं, म्हणून हे डोळ्यांदेखत बघितलेलं सांगतोय. चेअरमन वाईट माणूस नाही. त्यांचा जीव टांगणीला लागला होता, इतकंच. ते म्हणाले, "मॅडम, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय लाल बटण दाबा म्हणून. हा दोष कसा? करार पुढच्या आठवड्यात आहे. सही होऊ द्या, मग हळूहळू बदलू."

"सही करताना ते विचारतील, चिप कशी आहे. मी काय सांगू?"

"विचारणारच नाहीत ते."

"विचारलं नाही तर मी सांगणार. त्यांना पत्र गेलंय आजच."

चेअरमन हळूच म्हणाले, "निदान डिझाइन टीमची चूक म्हणा. तुमच्यावर कशाला घेता? मास्तरांना काय वाटेल?"

"टीमची नाही. ती कुलपाची ओळ माझी आहे. मी माझ्या हातानं लिहिली. बाबांना मी काल सांगितलं." मग त्यांनी पिशवीतून एक कागद काढून पुढे सरकवला. "दुसरी चिप करायला वर्ष लागेल. ती मी करते. पण या खुर्चीवर बसून नाही होणार. खुर्चीवर बसले म्हणून ही तक्रार माझ्या दाराशी यायला आठ दिवस लागले. खुर्ची दुसऱ्याला द्या, आणि मला टेस्टिंगच्या खोलीत एक टेबल."

तो राजीनामा होता. चेअरमन म्हणाले, वेडेपणा करू नका. त्यांचे डोळे भरले होते. पण बाई उठल्या आणि त्या दिवशी संध्याकाळी आपला ट्रे स्वतः उचलून टेस्टिंगच्या खोलीत घेऊन गेल्या. माझ्याबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत, तेव्हाही नाही, नंतरही नाही. आठ दिवसांतली एक रात्र माझीही होती हे त्यांना ठाऊक होतं.

तो जानेवारी आम्ही जीपमध्ये काढला. पाथर्डी, शेवगाव, पार बीडच्या हद्दीपर्यंत. मी जुने स्टार्टर मोजून द्यायचो, पोरं बसवायची, आणि मॅडम प्रत्येक ठिकाणी घरच्या माणसाला सांगायच्या, चूक आमची झाली. काही ठिकाणी शिव्या खाल्ल्या. एका गावात एकानं फाटक लावून घेतलं. मॅडम फाटकाबाहेर तासभर उभ्या राहिल्या, त्यानं शेवटी उघडलं. पंपवाल्या मोठ्या कंपनीनं करार पुढे ढकलला. आमच्याकडे वर्षभर नवी भरती झाली नाही, लोक कुरकुरले, मीही कुरकुरलो. खोटं कशाला बोलू. पण करार मोडला नाही. ते पत्र वाचून त्यांच्या एका साहेबानं म्हणे सांगितलं होतं, यांच्यासाठी थांबू.

दुसरी चिप पुढच्या हिवाळ्यात आली. तिच्यात कुलूप नाही. लाईट डोळे मारायला लागली की ती गप्प बसते, लाईट स्थिर झाली की आपणहून मोटर चालू करते आणि मालकाला मेसेज पाठवते. करारावर सही नव्या एमडींनी केली. मॅडम त्या समारंभाला आल्या नाहीत. म्हणाल्या, टेस्टिंग चालू आहे. मास्तर त्या वर्षी गेले, आणि मॅडम पुढे बेंगळुरूला एका कॉलेजात शिकवायला गेल्या. नाताळात फोन येतो. माझ्या बायकोच्या हातच्या करंज्यांची आठवण काढतात.

पण मला त्या दिसतात त्या गयाबाईंच्या विहिरीवर, दुसरी चिप बसवली त्या दिवशी. वर्षभरानं आम्ही दोघं पुन्हा गेलो होतो. बागेची काही झाडं गेली होती, बरीचशी वाचली होती. अंकुश-मीरा पुन्हा उसालाच. डबा लावला, मी मीराला फोन लावला आणि म्हटलं, कर चालू. तिनं तिकडं फडात बटण दाबलं. इकडं लाईटनं नेहमीसारख्या उड्या मारल्या. चार, पाच, सहा. आम्ही दोघं बघतोय. मग लाईट थांबली, दिवा हिरवा झाला, आणि मोटर घरघरली. पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग नितळ.

फोन चालूच होता. मीरा विचारत होती, "आलं का पानी? दादा, कोन हाय तिथं तुमच्यासंगं?"

मी फोन मॅडमकडे दिला. मला वाटलं, सांगतील, कंपनीची, इंजिनिअर, नाही तर नुसतं नाव. त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षी तुमची झाडं जिच्यामुळं वाळली, ती मी."

पलीकडून उसाच्या पाचटाची सळसळ तेवढी ऐकू येत होती. मग मीरा म्हणाली, "मंग आता नीट केलं न्हवं?"

"केलं. मी स्वतः केलं."

"बरं झालं. जेवल्याबिगर जाऊ नका. सासूबाईंना सांगते मी."

मॅडमनी फोन माझ्या हातात दिला, चष्मा काढला आणि पदरानं डोळे पुसले. मग साडी वर खोचली, शूज काढून बांधावर ठेवले, आणि पाटातून गुडघाभर चिखलात चालत पाण्याच्या पुढं पुढं गेल्या, शेवटच्या झाडाच्या आळ्यात पाणी पोचेपर्यंत.